उंदरांत, आणि आधी

कुमुदताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बडोद्याच्या मांडवीतल्या एका दुकानाच्या पायरीवर बसून लिलो चेवडो खात होतो. पित्ताशय काढलेल्या माणसाने बटाट्याचा तळलेला चेवडा खाऊ नये, असं मला चार वर्षांपूर्वी जिने बजावलं होतं, तीच गेल्याचा तो फोन. तिच्या समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबेन बोलत होत्या. "दिगंबरभाई, बेन गयां," एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. सकाळी आंघोळ करून आली, खुर्चीत बसली आणि मान कलली... मेंदूत रक्तस्राव. माझ्या तोंडात घास होता. थुंकावा तर समोर दुकानदार, गिळावा तर ताई गेलेली. मी गिळला. एवढंच नव्हे, उरलेली पुडी नीट घडी घालून खिशात ठेवली, आणि समा भागातलं ताईचं घर येईपर्यंत रिक्षात माझ्या बोटांना तेलाचा वास येत राहिला. मला स्वतःची शिसारी आली. ही काही पहिली वेळ नव्हती. पण आजवर अशी शिसारी आली की मी ताईकडे जाऊन सगळं ओकायचो आणि ती म्हणायची, "बरं. आता हे लिही." यावेळी ऐकायला कोणी नव्हतं. म्हणून लिहायला पाच आठवडे लागले.

ताई माझी मावसबहीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आमचे आजोबा संस्थानच्या दप्तरात होते, त्यामुळे घरात अक्षर, कागद आणि शिस्त यांचा मोठा दरारा. तो सगळा वारसा ताईने उचलला. ती जीवरसायनशास्त्र शिकली, विद्यापीठातच शिकवायला लागली, लग्न केलं नाही आणि निवृत्त होईपर्यंत उंदरांच्या स्वादुपिंडांवर काम करत राहिली. मी प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात स्टोअरच्या ऑफिसात चिकटलो आणि रविवारच्या पुरवणीत स्वतःच्या फजित्यांवर हलकंफुलकं लिहू लागलो. वाचकांना ते आवडायचं. माणूस स्वतःलाच मूर्ख म्हणत असला की लोकांना फार बरं वाटतं, शिवाय त्याला कोणी दुसरं मूर्ख म्हणायला येत नाही. ही युक्ती मी चाळीस वर्षं वापरली. ताईवर मात्र ती चालायची नाही. "फजिती सांगून झाली ना? आता चूक सांग," ती म्हणायची. दोन्हींत फरक असतो, हे मला फार उशिरा कळलं.

तिची एक सवय होती. वर्तमानपत्र ती पुठ्ठ्याच्या पाटीला चिमट्याने लावून वाचायची. त्या पाटीच्या कोपऱ्याला, ऑपरेशनच्या वेळी टाके घालतात तसल्या काळ्या दोऱ्याने, एक पेन्सिल बांधलेली असे. वाचता वाचता ती समासात प्रश्न लिहायची. केसांच्या तेलाची जाहिरात: कुणात? मन:शांतीचा लेख: कशावरून? नव्या औषधाची बातमी: आधी की नंतर? माझ्या लेकीच्या लग्नपत्रिकेवर 'उभयतांच्या पसंतीने' असं छापलं होतं, त्याच्याही बाजूला बारीक अक्षरात 'कशावरून?' होतं. लेकीने दोन वर्षं तिच्याशी अबोला धरला. ताईला त्याचं वाईट वाटलं, पण तिने ते खोडलं नाही.

तिचं काम मी एकदाच पाहिलं, नऊ वर्षांपूर्वी, तिच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात. मला पुरवणीसाठी विषय हवा होता आणि माझ्या फजित्या जरा आटल्या होत्या. भर दुपारी बारा वाजता तिने मला एका खोलीत नेलं आणि आत मिट्ट अंधार, फक्त एक मंद लाल दिवा. "इथे आता रात्र आहे," ती म्हणाली. उंदरांचा दिवस आणि रात्र त्यांनी दिव्यांनी उलटी करून ठेवली होती, कारण ज्या द्रव्यावर ती काम करत होती ते मेलाटोनिन अंगात अंधारातच जास्त तयार होतं. आपल्याला झोपेची वेळ झाली हे सांगणारं ते हेच. मला त्या खोलीत उंदरांच्या मुताचा असा वास आला की मी रुमाल नाकाला लावला. "बळी देता ना यांना शेवटी?" मी विचारलं. "बळी काय, देव आहे का इथे कोणी? मारतो आम्ही. मारतो म्हण," ती म्हणाली. तिला तो सोज्वळ शब्द माझ्या रुमालापेक्षा जास्त घाण वाटत होता.

मग बाहेर येऊन, हात तीनदा धुऊन, तिने मला चहा पाजत समजावलं. स्वादुपिंड अन्न पचवणारे रस बनवतं. ते रस घराबाहेर पडून आतड्यात पोचल्यावर जागे व्हायला हवेत. कधी कधी ते घरातच जागे होतात, आणि मग स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला लागतं. सुजतं, पेटतं, माणूस दगावू शकतो. ती उंदरांना एक औषध टोचून मुद्दाम ही सूज आणायची, आणि काही उंदरांना त्याच्या आधी मेलाटोनिन द्यायची. ज्यांना दिलं त्यांच्यात सूज कमी, पेशींची नासधूस कमी. "आग लागायच्या आधी ओलं गोणपाट टाकून ठेवल्यासारखं," ती म्हणाली. मी भराभर लिहून घेत होतो. निघताना तिने मला थांबवलं, वही मागितली आणि स्वतःच्या हाताने एक वाक्य लिहिलं. "तुझं बाकी काहीही छाप. हे वाक्य शेवटी तसंच जाऊ दे."

लेख साडेपाचशे शब्दांत बसवायचा होता आणि माझा सहाशेवर गेला होता. त्यात माझ्या घोरण्यावर एक विनोद होता. आमच्या घोरण्याने वर्कशॉपातलं इंजिन हलतं अशा अर्थाचा, काही फार ग्रेट नाही. पण पुरवणीच्या वाचकांना घोरणं लागतंच. मी विनोद ठेवला आणि ताईचं वाक्य काढलं. संपादकाने काढलं नाही, छापखान्यात पडलं नाही. मी, माझ्या हाताने, माझ्या टेबलाशी बसून काढलं. शीर्षकही माझंच: 'झोपेच्या गोळीने वाचेल स्वादुपिंड.'

रविवारी लेख आला, सोमवारी वर्कशॉपात चार जणांनी हात मिळवला, आणि आठवड्याभरात तोच लेख गुजरातीत होऊन माझ्याच मोबाइलवर परत आला, वर बडोद्याच्या बेनचा चमत्कार असं काहीतरी लिहिलेलं. मी तो खुशीने पुढे दहा जणांना पाठवला. ताई मात्र पुढच्या रविवारी कात्रण घेऊन आली. समासात पेन्सिलीने दोन प्रश्न होते: कुणात? आधी की नंतर? "तुला उत्तरं ठाऊक आहेत," ती म्हणाली. "मी वहीत लिहून दिली होती." मी म्हटलं, पुढच्या लेखात खुलासा टाकतो. तिने मान हलवली. पुढचे कितीतरी रविवार ती येताना विचारायची, "छापून आलं?" आणि मी नवं कारण सांगायचो. एकदा गणपती आडवे आले, एकदा निवडणूक. मग तिने विचारणं सोडलं. त्यावेळी मला हायसं वाटलं होतं... आज ते आठवलं की पोटात ढवळतं.

आता पोटाचाच विषय निघाला आहे तर माझ्या साऱ्या फजित्यांचा शिरोमणी सांगतो. आपण लिहिलेलं लोक वाचून विसरतात, पण लेखकाच्या मनात ते बसतं. मी हळूहळू माझ्याच लेखावर विश्वास ठेवू लागलो. मोठं जेवण असलं की आदल्या दिवशी मेलाटोनिनची एक गोळी घ्यायचो, विमा म्हणून. चार वर्षांपूर्वी अशाच एका लग्नाच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात वरच्या बाजूला कळ आली. बायको लेकीकडे पुण्याला. मी डॉक्टरला फोन केला नाही, मी तीन गोळ्या घेतल्या. अर्ध्या तासाने ओकलो, गोळ्या पडल्या असतील म्हणून आणखी दोन घेतल्या. अकराच्या सुमारास ताई नेहमीसारखी रविवारचा पेपर घेऊन आली तेव्हा मी पलंगावर उशी पोटाशी धरून बेडकासारखा बसलो होतो, शेजारी बादली, आणि डोळ्यांवर झापड.

"कुठे दुखतंय?"

"इथे. आरपार पाठीत जातंय."

"पुढे वाकलं की बरं वाटतं?"

"हो. तुला कसं कळलं?"

तिने गोळ्यांचं पाकीट उचललं, दोन्ही बाजूंनी वाचलं. "हे घ्यायला कुणी सांगितलं?"

"तू," मी म्हटलं. "म्हणजे मी. म्हणजे माझ्या लेखात तू."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ लोकांच्या तोंडावर माझ्याबद्दलचा वैताग पाहिला आहे. त्या दिवशी ताईच्या तोंडावर जे होतं ते मी पुन्हा पाहिलं नाही. कुणी आपल्या ताटात थुंकलं तर चेहरा होईल तसा. पण हात थांबले नाहीत. तिने बादली रिकामी केली, मला चपला घातल्या, हंसाबेनच्या नवऱ्याला, महेंद्रभाईंना, फोन करून गाडी मागवली.

पित्ताचा खडा अडकला होता आणि स्वादुपिंड पेटलं होतं. नाकातून नळी, हातात सलाइन, नळीतून हिरवं पाणी पिशवीत जमत होतं आणि ते माझ्यातूनच येतंय हे बघून मला पुन्हा मळमळायचं. चौथ्या दिवशी जरा उतार पडला तशी ताई खुर्ची ओढून बसली. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की आणखी काही तास घरी काढले असते तर कठीण होतं.

"उंदराला पोटात कधी दुखणार हे मला ठाऊक असतं, दिग्या," ती म्हणाली. "कारण दुखवणारी मीच असते. म्हणून मला आधी औषध देता येतं. तुझं दुखणं कधी येणार हे मला कुणी कळवलं होतं? आग लागल्यावर गोणपाट शोधत फिरणाऱ्याला मी काय सांगू? बंब बोलाव, एवढंच."

"पण मी जेवणाच्या आदल्या दिवशीही एक घेतली होती," मी नळीतून म्हटलं.

"मग तू उंदीर नाहीस, एवढं दिसतंय." तिने सलाइनची नळी सरळ केली. "तेही एका माणसावरून सांगता येत नाही म्हणा."

मी हसलो, टाके नसूनही पोट दुखलं. ती हसली नाही. "ते वाक्य का काढलंस?"

"जागा नव्हती."

"घोरण्याला होती."

ती उठताना म्हणाली, "तू बरा हो आणि ते छाप. मला तुझी माफी नको. वाक्य छाप." मी हिरव्या पिशवीची शपथ घेतल्यासारखी मान डोलावली. मग पित्ताशय काढलं, घरी आलो, त्या सहा दिवसांवर एक खुसखुशीत लेख लिहिला. नळीवर विनोद होता, नर्सबाईंवर होता. गोळ्यांचा उल्लेख नव्हता, कारण त्याने लेखाचा सूर बिघडला असता. ताईने तो वाचला. समासात काहीच लिहिलं नाही. मी पाटी उलटून पालटून पाहिली... कोरी.

शेवटचं भेटलो ते ती जायच्या तीन आठवडे आधी. मी आपणहून विषय काढला. "ताई, तो खुलासा, रविवारी नक्की." ती पेन्सिलीला टोक करत होती. "कुठला रविवार ते सांगितलं नाहीस," ती म्हणाली आणि पुढचं पान उलटलं.

बडोद्यात आता आम्हा मराठी घरांतही बेसणं असतंच. पांढऱ्या चादरी अंथरायच्या, फोटो मांडायचा, दोन तास लोक येतात, गप्प बसतात, हात जोडून उठतात. ताईचा भाचा निशांत, भला पोरगा, त्याने ताईच्याच घरी सगळं नीट केलं होतं. इतकं नीट की फोटोच्या शेजारी त्याने एक कागद लॅमिनेट करून उभा केला होता. लांबून मला वाटलं तिचं एखादं प्रशस्तिपत्र. जवळ गेलो. 'झोपेच्या गोळीने वाचेल स्वादुपिंड.' खाली माझं नाव, आणि माझा तेव्हाचा, केस असलेला फोटो. लोक वाकून वाचत होते, डोळे पुसत होते आणि माझ्याकडे येऊन म्हणत होते, "बहु सरस लख्युं छे," फार छान लिहिलंय. एका वृद्ध गृहस्थांनी तर माझ्या पाठीवर हात ठेवला. ज्या लेखाने ती नऊ वर्षं कुढली तोच तिच्या उशाशी, चकचकीत, पाण्याने न भिजणारा.

आणि दाराशी, जोडे काढतात तिथे, निशांतचा एक मित्र कागदी पिशव्या वाटत होता. त्याचा आरोग्याच्या वस्तूंचा नवा धंदा आहे म्हणे. पिशवीत एक बरणी, बरणीत जांभळी, साखर माखलेली, चघळायची जेलीची अस्वलं. मेलाटोनिनची. लेबलावर लिहिलं होतं की हे बडोद्याच्या एका ज्येष्ठ संशोधिकेच्या कामातून स्फुरलं आहे आणि पोटाचं रक्षण करतं. "आठवण म्हणून, अंकल," तो म्हणाला. मी एक तोंडात टाकलं, का ते विचारू नका, समोर आलेलं तोंडात टाकायची मला सवयच आहे. ते कवळीला चिकटलं. ताईच्या फोटोसमोर मी हात जोडून उभा आणि जिभेने जांभळं अस्वल सोडवतोय, तोंडात द्राक्षाच्या सरबताचा खोटा वास. इतकी किळस मला उंदरांच्या खोलीतही आली नव्हती. ती त्या पोराची नव्हती. त्याने फक्त माझंच वाक्य साखरेत घोळवलं होतं.

तेवढ्यात हंसाबेन आल्या. त्यांच्या हातात दोन बरण्या. "एक एमना माटे," त्या हळूच म्हणाल्या. महेंद्रभाईंसाठी. तीन दिवस त्यांच्या पोटात दुखतंय, त्यामुळेच ते आले नाहीत, डॉक्टरकडे जायला तयार नाहीत, आता ही घेतील.

"हंसाबेन, हे नको. आधी डॉक्टर."

"पण तमेज तो लख्युं छे ने," त्या म्हणाल्या आणि त्या चकचकीत कागदाकडे बोट दाखवलं. तुम्हीच तर लिहिलंय. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. विश्वास होता, आणि तो टोमण्याहून वाईट लागला.

मी ताईच्या खुर्चीपाशी गेलो. पाटी तिथेच टेकलेली होती, पेन्सिल लोंबत होती. मी पाटीसकट पेन्सिल उचलली, फोटोपाशी गुडघ्यांवर बसलो आणि लेखाच्या समासात लिहायला लागलो: कुणात? पेन्सिल घसरली. पुन्हा जोर लावला. प्लास्टिकवर एक रेघही उमटेना. मागे वीस-पंचवीस माणसं गप्प बसलेली, आणि एक अडुसष्ट वर्षांचा म्हातारा मयत बहिणीच्या फोटोपाशी बसून लॅमिनेशन खरवडतोय. निशांत धावत आला. "दिगूकाका, काय करताय? पाणी देऊ?"

मग मी तिथेच बसल्या बसल्या सांगितलं. माझ्या तोडक्यामोडक्या गुजरातीत, मध्येच मराठीत, कवळीत अस्वल असताना. की हे मी लिहिलं आणि हे चूक आहे. की हे उंदरांत झालं. की मी स्वतः या गोळ्या घेऊन मरत होतो आणि मला वाचवलं ते ताईने आणि महेंद्रभाईंच्या गाडीने. सुरुवातीला दोघे जण हसले, त्यांना वाटलं मी नेहमीसारखी फजिती सांगतोय. मग हसणं थांबलं. त्या पोराने पिशव्या हळूच दाराबाहेर नेल्या. हंसाबेनच्या हातातल्या बरण्या मी काढून घेतल्या तेव्हा त्यांनी सोडल्या, पण लगेच नाही.

महेंद्रभाईंना मी त्याच दुपारी डॉक्टरकडे नेलं. नुसतं पित्त निघालं, दोन दिवसांत उतरलं. पण ते नुसतं पित्त आहे हे सांगायला डॉक्टर लागला, अस्वल नाही.

निशांतने विचारलं, आत्याची आठवण म्हणून काय हवं? मी पाटी मागितली. ती आता माझ्या खुर्चीशी टेकलेली असते आणि हा लेख मी तिलाच कागद लावून लिहिला. पुरवणीवाल्यांनी यावेळीही शब्द मोजून दिले आहेत, आणि यावेळीही मी ओलांडले. पहिल्या खर्ड्याच्या शेवटी मी लिहिलं होतं: 'ताईने मला केव्हाच माफ केलं होतं.' फार छान वाटत होतं ते. वाचताना हात आपोआप दोऱ्याकडे गेला, पेन्सिल बोटांत आली, आणि मी समासात लिहिलं: कशावरून?

ते वाक्य खोडलं. तेवढ्या जागेत, नऊ वर्षं उशिरा, तिचं वाक्य बसलं. वही जपून ठेवली होती, तिच्या अक्षरात आहे, तसंच देतो:

'हे सगळं उंदरांत झालं आहे, आणि औषध दुखणं सुरू होण्याच्या आधी दिलं होतं. माणसाच्या पोटात दुखलं तर त्याने गोळी शोधू नये, डॉक्टरकडे जावं.'